छोट्या छातीसाठी ब्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं दादरच्या एका दुकानात काउंटरवर उभी होते आणि आता घरूनच बायकांना ब्रा मापून देते. प्रश्न बहुतेक रात्री उशिरा येतात. जवळजवळ प्रत्येकीची सुरुवात ‘विचारू की नको असं वाटत होतं’ अशी असते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘ताई, मला छातीच नाही, म्हणून काही बसत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आधीच देते. दोष तुमच्या अंगात नाही, हातातल्या ब्रामध्ये आहे. चूक बहुतेक वेळा बँडच्या मापात असते.

१. ए कप म्हणजे छोटी छाती आणि डी कप म्हणजे मोठी, बरोबर ना?

नाही. आकडा सांगतो तो छातीखालच्या पट्ट्याचा, म्हणजे बँडचा घेर. अक्षर सांगतं ते बँडचा आकडा आणि भरलेल्या छातीचं माप यांच्यातला फरक. १ इंच फरक असेल तर ए, २ असेल तर बी, ३ ला सी, ४ ला डी आणि १ पेक्षा कमी असेल तर एए. त्यामुळे अक्षर एकटं काहीच सांगत नाही. २८ सी घालणारी मुलगी अगदी बारीक चणीची असते, ३८ सी घालणाऱ्या बाईच्या ब्राचा कप तिच्या कपापेक्षा कितीतरी मोठा असतो. ‘मी सी घालूच शकत नाही’ असं ठरवून दुकानात येऊ नका.

२. घरच्या घरी माप कसं घ्यायचं?

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. ती नसेल तर सुतळीने मापून पट्टीवर मोजा. जाड पॅडची ब्रा काढून ठेवा, पातळ ब्रा किंवा काहीच न घालता मापा.

पहिलं माप स्तनांच्या अगदी खाली, बरगडीवर. श्वास सोडा, टेप घट्ट ओढा आणि पाठीमागे ती जमिनीला समांतर आहे ना, हे आरशात बघा. बहुतेक चुका पाठीवरच होतात, कारण टेप तिथे वर चढते आणि आकडा बदलतो. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवर, टेप सैल धरून. हे माप उभं राहून घ्याच, पण कमरेत वाकूनही एकदा घ्या. छोट्या छातीत बराच भाग सपाट पसरलेला असतो आणि उभं असताना तो टेपला सापडत नाही. उभं राहून आणि वाकून घेतलेल्या या दोन आकड्यांची सरासरी छातीचं माप म्हणून धरा.

पाळीच्या आधीचा आठवडा टाळा. त्या दिवसांत स्तन थोडे फुगतात आणि दुखरे होतात.

३. एका तक्त्यात माझं माप २८ डी येतं आणि दुसऱ्यात ३२ एए. खरं कोणतं?

समजा, छातीखाली २८ इंच आणि छातीवर ३२. काही तक्ते बरगडीचं माप जसंच्या तसं बँड म्हणून घेतात: २८, फरक ४, म्हणजे डी. काही तक्ते बरगडीच्या मापात ४ किंवा ५ इंच मिळवतात: २८ अधिक ४ म्हणजे ३२, फरक शून्य, म्हणजे एए. बाई तीच, टेप तीच, पण दुसऱ्या कागदावर तिची छाती नाहीशीच झाली! कित्येक मुलींनी स्वतःबद्दलचं मत या बेरजेवरून बनवलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही आकडे फक्त सुरुवात करण्यापुरते. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ ब्रांवर ३२ लिहिलेलं असतं, ते २७-२८ इंच बरगडीसाठीच. म्हणून ज्या कंपनीची ब्रा घेताय तिचाच तक्ता बघा आणि त्याने सांगितलेलं माप आधी घालून पाहा. मग प्रश्न ४ मधल्या खुणा तपासा आणि प्रश्न ५ प्रमाणे एक पायरी पुढेमागे सरका.

४. बँड बरोबर आहे हे कसं कळतं?

ब्रा उलटी घाला, कप पाठीवर आणि हूक पुढे. कपांचा गोंधळ बाजूला झाला की फक्त बँड जाणवतो. हूक सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल ओळीत लावा. दोन बोटं जेमतेम सरकली तर माप बरोबर. अख्खी मूठ आत जात असेल तर बँड मोठा आहे.

नवी ब्रा नेहमी बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. वापरून इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा आतल्या ओळी कामाला येतात. नवी असतानाच आतला हूक लागत असेल तर ती दोन महिन्यांत ढिली होणार.

आता सरळ घालून दोन्ही हात वर करा. बँड स्तनांवर चढला किंवा मागून पाठीच्या मध्यावर सरकला तर तो सैल आहे. ब्राचा भार बँडने उचलायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही. बँड सैल असला की आपण पट्ट्या आवळतो, पट्ट्या खांद्यात रुततात, बँड मागून आणखी वर जातो आणि पुढे कप हवेत राहतात. ही साखळी बँडपासूनच तोडावी लागते.

५. दुकानदार म्हणतो, ३२ बी नाही, ३४ ए घ्या, एकच आहे. खरंच एकच का?

कपापुरतं खरं आहे. ३० सी, ३२ बी आणि ३४ ए यांच्या कपात जवळपास सारखीच जागा असते. बँड एक माप वर गेला की कपाचं अक्षर एक खाली येतं. यांना सिस्टर साइझ म्हणतात. पण बँड एकच नाही, आणि छोट्या छातीला खरा आधार बँडचाच.

मी कॉलेजात असताना एका दुकानदाराने माझ्याकडे नुसतं बघून ‘३४ ए’ म्हणत डबा पुढे सरकवला होता. पुढची सहा-सात वर्षं मी तेच माप मागत राहिले आणि दर तासाला बँड खाली ओढत राहिले. माझं माप ३० सी होतं. म्हणून ३४ ए वापरणाऱ्यांना मी सांगते, एकदा ३२ बी घालून बघा. पैसे द्यायच्या आधी फक्त घालून बघा.

उलट दिशाही लक्षात ठेवा. कप बरोबर आहे पण बँड काचतोय, तर ३२ बी वरून ३४ ए कडे जा, ३४ बी कडे नाही.

६. कप वरून पोकळ राहतो, सुरकुत्या पडतात. कप एक माप छोटा घेऊ का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. लगेच कप छोटा करू नका, आधी हे करून बघा.

ब्रा घालून कमरेत वाका. उजवा हात डाव्या कपात घाला, काखेकडचा आणि खालचा सगळा भाग हळूच पुढे आणून कपात बसवा, मग दुसरी बाजू. सरळ उभ्या राहा आणि पुन्हा आरशात बघा. निम्म्या जणींची पोकळी इथेच भरते, कारण तो भाग इतके दिवस कपाखालच्या तारेच्या बाहेर, काखेत ढकललेला होता. काही जणींचा तर आता कप भरून वर फुगवटा येतो. म्हणजे त्यांना कप मोठा लागतो. कप अरुंद असला की तार स्तनाच्या कडेवर बसते, पूर्ण कप अंगापासून पुढे ढकलला जातो आणि वर फट दिसते. आपल्याला वाटतं कप रिकामा आहे, आणि आपण आणखी छोटा घेतो.

वाकून भरल्यावरही पोकळी राहिली, तर बँड तपासा (प्रश्न ४). मग पट्ट्या थोड्या आवळा.

एवढं करूनही फट राहिली तर प्रश्न मापाचा नाही, आकाराचा आहे. छोट्या स्तनांत भरलेपणा पुष्कळदा खालच्या अर्ध्यात असतो आणि वरचा भाग उतरता, सपाट. पूर्ण झाकणारा उंच कप जिथे स्तन नाहीच तिथपर्यंत वर येतो. साच्यातला कडक फोमचा कप स्वतःचा आकार सोडत नाही, मग फट राहणारच. अशा अंगाला कमी उंचीचा कप लागतो किंवा मऊ, शिवणीचा, अंगाबरोबर वळणारा कप. कोणता, ते पुढच्या उत्तरात.

७. बाल्कनेट, प्लंज, ब्रालेट… यातलं छोट्या छातीला काय शोभतं?

डेमी आणि बाल्कनेट यांचे कप कमी उंचीचे असतात, वरची कड आडवी जाते. खालून भरलेल्या छातीला ते छान बसतात आणि कुर्त्यात गोलाई दिसते. प्लंजची मधली पट्टी खोल असते आणि कप तिरके मध्याकडे येतात. दोन स्तनांत अंतर असेल तर हा प्रकार त्यांना जवळ आणतो. त्रिकोणी मऊ कपाची ब्रालेट हा तर छोट्या छातीचा हक्काचा प्रकार आहे. भारी छातीला ती पुरत नाही, तुम्हाला दिवसभर पुरते. घरी, प्रवासात, ऑफिसात मी आधी तीच सुचवते.

टी-शर्ट ब्रा बिनशिवणीची, गुळगुळीत असते, पण तिच्या कपाचा आकार ठरलेला असतो. ती नेहमी घालून बघूनच घ्या. पूर्ण कव्हरेजची ब्रा मी छोट्या छातीला क्वचितच देते, कारण प्रश्न ६ मध्ये आलं आहे.

८. पुश-अप रोज घातली तर चालेल का?

तब्येतीला अपाय नाही. मला आक्षेप आहे तो जाड फोम मेमध्ये मुंबईच्या लोकलमध्ये आठ तास अंगावर बाळगण्याला. लग्नाला, फोटोला, एखाद्या ड्रेसखाली जरूर घाला, तुम्हाला आवडत असेल तर आणखी काही कारण लागत नाही.

घेताना कपाच्या आत बोट फिरवा. चांगल्या पुश-अपमध्ये पॅड खाली आणि काखेच्या बाजूला जाड असतो, वर जाता जाता पातळ होतो. सगळीकडे सारखा जाड पॅड उचलत नाही, नुसता समोर डोंगर दिसतो आणि कडा कपड्यावर उमटतात. शिवाय पॅड कपातली जागा खातो, म्हणून पुश-अपमध्ये एक कप मोठा लागू शकतो.

९. तार हवीच का? तारेने कॅन्सर होतो म्हणतात.

होत नाही. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने २०१४ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५५ ते ७४ वयाच्या दीड हजारांवर बायकांना त्यांनी तार, कप, दिवसाचे किती तास ब्रा, कोणत्या वयापासून, असं सगळं विचारलं. ब्राचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध सापडला नाही.

पण छोट्या छातीला तारेची गरजही नसते. आकारासाठी हवी असेल तर घ्या. तार स्तनाच्या मुळावर, घडीत बसली पाहिजे. काखेत टोचते किंवा स्तनावर चढते ती तार चुकीच्या मापाची. मधली पट्टी छातीच्या हाडावर दुखत असेल तर खोल मध्याची प्लंज बघा.

१०. पॅड नको, पण निपल दिसू नयेत. काय घालू?

दुहेरी कापडाची सुती ब्रा, किंवा ज्यात जाळीदार पातळ थर असतो ती स्पेसर ब्रा. ती आकार फुगवत नाही आणि हवा खेळती राहते. सिलिकॉनची किंवा कापडी निपल कव्हर्सही मिळतात. थंडीत आणि एसीत थोडं दिसणं हे शरीराचं साधं काम आहे, त्यासाठी उन्हाळ्यात फोम घालायची सक्ती स्वतःवर करू नका.

११. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरीच ब्रा घालते, तरी दिसते.

म्हणूनच दिसते. तुमच्या कातडीच्या रंगाच्या जवळची घ्या, गव्हाळ असाल तर गव्हाळ, सावळ्या असाल तर तपकिरी. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून एकच फिकट गुलाबी छटा पुढे केली तर दुसरी मागा.

१२. साडीचा ब्लाऊज पुढून नेहमी पोकळ राहतो. ब्लाऊजलाच कप लावून घेऊ का?

ब्लाऊज पोकळ राहण्याची कारणं दोन, एक तुमच्या हातात, एक शिंप्याच्या. माप द्यायला जाताना तीच ब्रा घाला जी त्या ब्लाऊजखाली घालणार आहात. पॅडच्या ब्रावर माप दिलं आणि साध्या ब्रावर ब्लाऊज घातला की पुढे पोकळ राहणारच. जुना ब्लाऊज मापाला दिलात तर जुनी पोकळीही नव्या ब्लाऊजमध्ये उतरते.

शिंप्याला टक पॉइंटचं माप घ्यायला सांगा, म्हणजे खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं आणि दोन टोकांमधलं अंतर. छोट्या छातीत ही टोकं ठरावीक मापापेक्षा थोडी वर किंवा लांब असतात. टक्स तिथपर्यंत न येता भलतीकडे संपले की कापड चोचीसारखं उभं राहतं. कटोरी ब्लाऊजला गोल, भरलेली छाती लागते. छोट्या छातीला मला प्रिन्सेस कट आवडतो, शिवण खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून उतरत अंगाबरोबर येते आणि घेर हवा तिथेच कमी करता येतो. खणाचं आणि ब्रोकेडचं कापड ताठ असतं, त्यात थोडीशी पोकळीही ठळक दिसते. त्या ब्लाऊजची ट्रायल अस्तर कच्चं असतानाच मागा.

कप लावून घ्यायचे तर घ्या, खोल पाठीच्या ब्लाऊजला तर ते फारच सोयीचे. फक्त शिंप्याकडचे तयार कप नंबरावर येतात, तुमच्या छातीवर ते धरून बघितल्याशिवाय शिवू देऊ नका. कप अस्तर आणि कापड यांच्यामध्ये कायमचे शिवण्याऐवजी अस्तराला आतून खिसा करून घ्या. कप काढून ब्लाऊज धुता येतो, आणि पुढे अंग बदललं तर कपही बदलता येतात. एका नवरीच्या शालूच्या ब्लाऊजचे कप ऐन हळदीच्या संध्याकाळी दोन बोटं खाली आहेत असं लक्षात आलं होतं. खिसे होते म्हणून आम्ही दोन टाके घालून दहा मिनिटांत वर घेतले.

१३. बॅकलेसखाली चिकटवायच्या ब्रा टिकतात का?

छोट्या छातीवर चांगल्या टिकतात, कारण वजन कमी असतं. त्या दिवशी अंगाला तेल, लोशन, पावडर काही लावू नका. आदल्या दिवशी मनगटावर छोटा तुकडा लावून कातडीला सोसतं का ते बघा. घामाच्या गरबा-वरातीत यांच्यावर विसंबू नका, तिथे प्रश्न १२ मधले शिवलेले कपच बरे. काढताना ओढू नका, कोमट पाण्याने कड सुटवा.

१४. उन्हाळ्यात घामोळं येतं, पावसाळ्यात ब्रा वाळत नाही. उपाय?

कोकण-मुंबईच्या दमट हवेत कापड आधी निवडा, आकार नंतर. सुती होजियरी किंवा मोडाल नावाचं मऊ कापड, त्यात थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा. अस्सल नायलॉन-लेसची ब्रा कपाटात राहू द्या. घाम आला की बदलायला पर्समध्ये दुसरी ठेवा. स्तनांखाली आणि बँडच्या रेषेत लाल, खाजरा, कडेला गोल होत जाणारा चट्टा दिसला तर ते घामोळं नसून बुरशी, म्हणजे नायटा असू शकतो. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मिश्र मलम परस्पर आणून लावू नका, त्याने तो दबतो आणि पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता वाळवण्याबद्दल. कित्येक घरांत ब्रा दोरीवर दिसू नये म्हणून ओढणीखाली, परकराखाली, बाथरूमच्या दारामागच्या खिळ्यावर वाळते. वाळते म्हणजे दमट राहते. तीच सकाळी अंगावर चढते, दिवसभर घाम येतो आणि बुरशीला याहून चांगली जागा मिळत नाही. ब्रा उघड्यावर, वाऱ्यात वाळत घाला. कोणी काही म्हणालं तर म्हणू द्या. तो धुतलेला कपडा आहे. पावसाळ्यात फोमच्या ब्रा बाजूला ठेवा, कारण कापड वाळलं तरी फोमच्या पोटात ओल राहते. काढता येणारे पॅड असतील तर काढून वेगळे, पंख्याखाली उभे ठेवा.

धुताना साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इलॅस्टिक गरम पाण्याने आणि इस्त्रीने मरतं. तीन ब्रा आलटूनपालटून वापरल्या तर वर्षभर सहज जातात. आतल्या हुकावरही बँड वर चढू लागला की ती ब्रा संपली.

१५. छाती छोटी आहे, मग धावताना स्पोर्ट्स ब्रा कशाला?

कारण छोटे स्तनही हलतात. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालं आहे. धावताना स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे, आडव्या पडलेल्या आठच्या आकड्यासारखे फिरतात. एवढं मात्र आहे की तुम्हाला वेगवेगळ्या कपांची, जाड पट्ट्यांची महागडी ब्रा लागत नाही. छातीला अंगाशी दाबून धरणारी, डोक्यातून घालायची साधी स्पोर्ट्स ब्रा पुरते. ती घालून दुकानात जागच्या जागी दहा उड्या मारा. योगासनांना तर मऊ ब्रालेटही चालते. दिवसभर मात्र तीच घालू नका, छाती आणखी सपाट दिसते आणि घाम अडकतो.

१६. एक स्तन दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. कोणत्या मापाची घेऊ?

मोठ्या बाजूच्या. थोडाफार फरक जवळजवळ सगळ्यांतच असतो. छोट्या बाजूला काढता येणारा पॅड ठेवा, मोठ्या बाजूचा काढून टाका, आणि छोट्या बाजूची पट्टी किंचित आवळा. शस्त्रक्रियेनंतर एक बाजू खूप कमी असेल तर आतून खिसे असलेल्या ब्रा मिळतात, त्यात कृत्रिम स्तन बसतो.

फरक वयात आल्यापासूनचाच असेल तर काळजी नाही. पण एका बाजूचा आकार अलीकडे बदलला, गाठ लागली, निपल आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं किंवा कातडीवर खळगा पडला, तर ब्राचा विचार नंतर, आधी डॉक्टर. छोट्या छातीत कॅन्सर होत नाही, हा समज चुकीचा आहे.

१७. बाळाचं दूध सुटल्यावर छाती रिकामी झाल्यासारखी वाटते. जुनं माप लागेल का?

कदाचित लागेल, पण लगेच खरेदी करू नका. दूध पूर्ण थांबल्यावर काही महिने आकार बदलत राहतो. वरचा भाग उतरतो, म्हणून आधी नीट बसणारा कपही आता वरून सुरकुततो. मऊ, शिवणीचे, कमी उंचीचे कप घ्या (प्रश्न ७). खूप वजन उतरल्यावरही हेच. बरगडीचं माप बदललेलं असतं, पुन्हा टेप लावा.

१८. मुलगी अकरा वर्षांची आहे. ब्रा कधी सुरू करायची?

वयावर नाही, तिच्या सोयीवर. निपलखाली छोटी, दुखरी गाठ येते, बहुधा आधी एकाच बाजूला. ती वाढीची सुरुवात असते. आठव्या ते तेराव्या वर्षात कधीही ती दिसू शकते. आठच्या आधी दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीला पुढे दुहेरी कापड असलेली सुती स्लिप पुरते, नंतर बिनतारेची मऊ बिगिनर्स ब्रा. पॅड नको. तिला दुकानात बरोबर न्या, रंग तिला निवडू द्या आणि तिच्यासमोर ‘हिला अजून काही नाही’ असं बोलू नका. ते वाक्य मुली चाळिशीतही विसरत नाहीत, मी ऐकलं आहे.

१९. तेल, गोळ्या, व्यायाम यांनी वाढतात का? आणि बाळाला दूध पुरेल का?

तेलाने, क्रीमने वाढत नाहीत. डंबेल्स आणि पुशअप्सनी खालचा स्नायू भरतो, त्याने ठेवण थोडी बदलते, स्तन तेवढेच राहतात. गोळ्यांच्या नादी लागू नका.

दूध पुरतं. स्तनाचा आकार बराचसा चरबीवर असतो, दूध तयार करतात त्या ग्रंथी वेगळ्या. छोट्या छातीची आई एका वेळी कमी साठवू शकते, म्हणून बाळ जास्त वेळा पितं, एवढाच फरक पडू शकतो.

२०. ब्रा घातलीच नाही तर सैल पडतील का?

छोट्या छातीला तर याची भीती नकोच. ठेवण बदलते ती वयाने, गरोदरपणाने, वजनाच्या चढउताराने आणि धूम्रपानाने. घरी, झोपताना, कधीही नको वाटली तर घालू नका.

२१. बरगडी रुंद, छाती छोटी. ३८ ए कुठेच मिळत नाही.

तुमची तक्रार रास्त आहे. कारखाने बँड मोठा की कप मोठा असंच धरून चालतात. ट्रान्स स्त्रियाही हाच प्रश्न विचारतात. ३६ बी घ्या, कपातली जागा ३८ ए एवढीच असते (प्रश्न ५), आणि मागे हुकाची जोडपट्टी लावा. बाजारात ती ब्रा एक्स्टेंडर नावाने मिळते. जोडपट्टीने पाठीच्या पट्ट्या लांब जातात आणि खांद्यावरून घसरतात, तेव्हा मागे क्लिपने त्या जवळ घ्या. नाहीतर एस-एम-एल मापातली रुंद बँडची ब्रालेट बघा.

२२. आम्ही जर्मनीत असतो. इथे ७० ए वगैरे लिहिलेलं असतं.

युरोपात बरगडीचं माप सेंटिमीटरमध्ये असतं: ६५ म्हणजे आपल्याकडचं ३०, ७० म्हणजे ३२, ७५ म्हणजे ३४. फ्रान्स आणि स्पेनमध्ये त्यात १५ मिळवतात, तिथलं ८५ म्हणजे जर्मनीचं ७०. ऑस्ट्रेलियात ३२ ला १० म्हणतात. युरोपच्या तक्त्यात ए कप म्हणजे छाती आणि बरगडी यांत १२ ते १४ सें.मी. फरक, त्याहून कमी म्हणजे १० ते १२ असेल तर एए. तिकडे एए दुकानात सहज मिळतं, सुट्टीत येताना घेऊन या.

२३. काउंटरवर पुरुष असतो, माप बोलायला लाज वाटते.

कागदावर लिहून न्या: ‘३२ बी, बिनतारेची, पातळ पॅड, प्लंज, सुती.’ पाच गोष्टी लिहिल्या की कोणी तुमच्याकडे बघून अंदाज करत नाही. ट्रायल रूम नसेल तर बदलून मिळेल का ते आधी विचारा. पुण्यात तुळशीबागेत किंवा दादरला गर्दीत घ्यायची वेळ आली तर निदान बँड ताणून बघा, आपल्या जुन्या नीट बसणाऱ्या ब्राशी जोडून मोजा. ऑनलाइन मागवताना आतले कपडे परत घेतात का, ते पैसे भरण्याआधी वाचा. एक माप वरची आणि एक माप खालची अशा दोन मागवून एक परत करता आली तर उत्तम.

२४. सगळं करून बघितलं. कप छान बसतो, पण २८ चा बँड कुठे मिळतच नाही.

मग ३० ची घेऊन बँड कमी करा. ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा आणि काखेखाली, कप संपतो त्याच्या मागे, दोन्ही बाजूंनी बँडची सारखी चिमटी घ्या. आरामात श्वास घेता येईल एवढीच. टाचणी लावा, खाली बसा, हात वर करा, पुन्हा बघा. मग चिमटी आतून उभी शिवून टाका, हाताने शिवत असाल तर मागचा टाका घाला, कारण इलॅस्टिकवर साधा धावता टाका ताणला की तुटतो. घडी मागच्या बाजूला चपटी पाडून कडेने दोन टाके द्या म्हणजे टोचणार नाही. दोन्ही बाजू मिळून दोन इंचांपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर पाठीवरच्या पट्ट्यांची जागा बिघडते. बाहेरचा हूक लावूनच माप घ्या, आणि पहिल्यांदा जुन्या ब्रावर करून बघा.